राखीव पाळीचे बोलावणे : बोईसर ते सांताक्रूझ

विमानातील परिचारिकेच्या कामाचे जे चित्र शहरी कुटुंबात रूढ आहे त्यात रेशमी वेष, स्मित मुद्रा आणि चहाचा पेला एवढेच दिसते. तिच्या महिन्याच्या कार्यपत्रकात, ज्याला त्या व्यवसायात ‘रोस्टर’ म्हणतात, उड्डाणांच्या मध्ये ‘स्टँडबाय’ असा एक शब्द ठिकठिकाणी लिहिलेला असतो, त्याची वार्ता फारशी कोणास नसते. स्टँडबाय म्हणजे राखीव पाळी. त्या दिवशी तिला ठरलेले उड्डाण नसते, आणि रजाही नसते. नेमलेल्या तासांत दूरध्वनी वाजला की कंपनीने घालून दिलेल्या मुदतीत तिने विमानतळावर हजर व्हावयाचे. ही पाळी कधी विमानतळावरच बसून काढावी लागते, बहुधा मात्र घरी.

ही योजना का करावी लागते, हे एका साध्या हिशेबावरून कळते. विमानात सर्वसाधारणपणे दर ५० प्रवासी आसनांमागे एक परिचारक असलाच पाहिजे, असा दंडक आहे. १८० आसनांच्या एअरबस ए-३२० विमानास त्याप्रमाणे चौघे लागतात. चौघांपैकी एकास पहाटे ताप भरला, किंवा आधीचे विमान लांबल्यामुळे एकाच्या कामाचे कायदेशीर तास संपले, तर उरलेल्या तिघांच्या भरवशावर भरलेले विमान हलविता येत नाही. चहा वाटण्यास तिघे पुरे पडतीलही. परंतु संख्येचा हा आग्रह चहासाठी धरलेला नाही. प्रवासी विमानाच्या नव्या बनावटीस मान्यता देताना निम्मीच दारे वापरून सर्व प्रवासी ९० सेकंदांत बाहेर काढता येतात, हे सिद्ध करून दाखवावे लागते. दार उघडणे, घसरगुंडी फुगली की नाही हे पाहणे आणि गोंधळलेल्या माणसांना हुकमी आवाजात वाट दाखविणे, हे परिचारिकेचे मूळ काम होय. १९३० साली अमेरिकेत या पेशात प्रथम आलेली एलन चर्च ही शिक्षणाने रुग्णपरिचारिका होती, हेही येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता अशी एखादी तरुणी बोईसरला राहते असे समजावे. वडील तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीस, घर स्थानकापासून जवळ. दूरध्वनी आला, आणि अंधेरीपर्यंतचे लोहमार्गाचे सुमारे ८० किलोमीटर अंतर तिच्यापुढे उभे राहिले! विरारपलीकडे डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाड्या सुरू झाल्या त्या २०१३ साली. तत्पूर्वी मेमू, शटल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या यांवरच या भागाची भिस्त होती. तथापि विरारच्या दक्षिणेस लोकल जशी एकीमागून एक येते तशी ती बोईसरला येत नाही. उत्तरेकडे गुजरात आणि दिल्लीकडे धावणाऱ्या जलद गाड्या व मालगाड्या यांच्या वाटेतून तिला आपली वाट काढावी लागते. एक गाडी डोळ्यांदेखत सुटली तर पुढच्या गाडीची प्रतीक्षा मिनिटांत मोजण्याजोगी नसते. उमरोळी, पालघर, केळवे रोड, सफाळे, वैतरणा अशी स्थानके मागे टाकीत विरार गाठावयाचे, आणि तेथून पुढे मुंबईच्या नेहमीच्या गर्दीत शिरावयाचे.

रस्त्याने जावे तर चिल्हार फाट्याला महामार्ग लागतो खरा, परंतु पुढे वसईच्या खाडीवरील वर्सोवा पुलापाशी आणि घोडबंदरच्या तिठ्यावर वाहने किती वेळ खोळंबतील याचा नेम नाही. पावसाळ्यात नालासोपाऱ्याजवळ रुळांवर पाणी साचले म्हणजे दोन्ही वाटांचा भरवसा सुटतो.

म्हणूनच राखीव पाळीच्या दिवशी तयारी बोलावण्यापूर्वीच झालेली असते. गणवेश इस्त्री करून टांगलेला, केसांचा अंबाडा घातलेला, पिशवीत ओळखपत्र, पारपत्र आणि सुरक्षा-नियमांची पुस्तिका. दूरध्वनी स्नानगृहातही सोबत न्यावा लागतो. खोकल्याचे औषध घेतानासुद्धा बाटलीवरील घटक वाचावे लागतात. कारण उड्डाणापूर्वीच्या १२ तासांत मद्य वर्ज्य आहे, आणि श्वासपरीक्षेचे यंत्र औषधातील मद्य व चषकातील मद्य असा भेद जाणत नाही. हजेरी व ही परीक्षा झाली की उड्डाणपूर्व बैठक होते. प्राणवायूचे नळकांडे कोठे आहे, धूर दिसल्यास प्रथम काय करावे, अशा प्रश्नांची उत्तरे तेथे तत्काळ द्यावी लागतात. चुकल्यास उड्डाणावरून उतरविले जाण्याचा संभव असतो. धापा टाकीत पोहोचलेल्या मुलीची येथे खरी कसोटी लागते.

या व्यवस्थेतील सर्वांत अवघड गोष्ट हजेरीच्या वहीत दिसत नाही. विश्रांतीचे आणि कामाचे तास नियमांनी बांधलेले आहेत. परंतु घरापासून विमानतळापर्यंतचा प्रवास सामान्यतः त्या तासांत धरला जात नाही. मरोळला राहणारी परिचारिका आणि बोईसरहून दोन-अडीच तास गाडीत उभी राहून आलेली परिचारिका, या दोघी कागदावर सारख्याच ताज्या ठरतात. रात्री दोन वाजता विमानाच्या मागच्या दारापाशी बसल्यावर दोघींच्या डोळ्यांतील झोप मात्र सारखी नसते. लांब राहणाऱ्याने जवळ बिऱ्हाड करावे, हा सल्ला सोपा आहे, आणि अनेकजणी अंधेरी, मरोळ, कालिना येथे तिघी-चौघी मिळून खोली घेतातही; पण नव्या नोकरीतील वेतनाचा मोठा भाग मग भाड्यातच जातो.

विवाहित स्त्रीस हा सल्ला आणखी जड जातो. एअर इंडियात पहिल्या गर्भारपणीच परिचारिकेची नोकरी संपविणारा नियम होता. नर्गिस मिर्झा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो १९८१ साली रद्द ठरविला. तेव्हापासून मुलाबाळांची आईही या पेशात टिकू शकते. राखीव पाळीचा दूरध्वनी येताच मूल कोणाकडे सोपवावयाचे, हे त्या घरात आदल्या रात्रीच ठरवून ठेवावे लागते. सासूबाई किंवा शेजारच्या काकू यांचीही अशा रीतीने एक राखीव पाळी सुरू होते, जिची नोंद कोणत्याच पत्रकात होत नाही.

विरार ते डहाणू रोड हा मार्ग चौपदरी करण्याच्या योजनेस २०१६ साली मंजुरी मिळाली. लोकलसाठी वेगळे रूळ झाले की बोईसरच्या फलाटावरील प्रतीक्षा कमी व्हावी. तोवर कित्येक पाळ्या बोलावणे न येताच संपतात, अंबाडा सोडला जातो, आणि इस्त्रीचा गणवेश पुढच्या तारखेसाठी तसाच टांगलेला राहतो.