जुनी स्कूटर वेग कां घेत नाहीं?

श्रोतेहो, आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं जिन्याखालीं किंवा अंगणाच्या कोपऱ्यांत एक जुनी स्कूटर उभी असेल. ती वडिलांनीं घेतलेली असते. तिच्यावर बसून कोणी शाळेंत गेलेलें असतें, कोणी लग्नानंतर प्रथम जोडीनें बाहेर पडलेलें असतें. आणि म्हणून ती विकावी असें कोणाच्याहि तोंडून निघत नाहीं. अशा स्कूटरीविषयींची एक तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. ती सुरू होते, चालते, परंतु मूठ पिरगळली तरी वेग घेत नाहीं. चौकांत दिवा हिरवा झाला कीं मागच्या गाड्या भोंगे वाजवूं लागतात, आणि आपली गाडी जणूं विचार करीत राहते. या दुखण्याचीं कारणें कोणतीं, तीं कोणत्या क्रमानें शोधावीं आणि कोणते उपाय मुळींच करूं नयेत, हें आज थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

बोलण्याच्या सोयीसाठीं एक ठराविक गाडी डोळ्यांपुढें ठेवूं. पुण्याजवळ आकुर्डी येथें तयार होणारी बजाज चेतक ही स्कूटर 1972 सालीं निघाली. तिचें घराणें इटलींतील व्हेस्पाचें, आणि व्हेस्पाचा जन्म 1946 चा. नांव मात्र राणा प्रतापाच्या घोड्याचें. पेट्रोलवर चालणाऱ्या या जुन्या चेतकचें उत्पादन केव्हांच थांबलें आहे. 2020 पासून त्याच नांवाची जी गाडी मिळते ती विजेवर चालते, व तिला आजचें विवेचन लागू नाहीं. आपण बोलतों आहों तें जुन्या चेतकच्या 145 घनसेंटिमीटरच्या टू-स्ट्रोक इंजिनाविषयीं. या जातीच्या इतर जुन्या स्कूटरींनाहि यांतील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

टू-स्ट्रोक इंजिनाची रचना मोठी साधी आहे. पिस्टन एकदां वर जाऊन खालीं आला कीं एक स्फोट होतो. मोटारगाडीसारख्या झडपा त्यांत नसतात. पिस्टनच वरखालीं होतांना सिलिंडरच्या भिंतींतील द्वारें उघडतो आणि झांकतो. वंगणासाठीं त्याच्याजवळ तेलाचा निराळा सांठा नसतो. पेट्रोलांत मिसळलेलें तेलच पिस्टनला, सिलिंडरला आणि आंतील बेअरिंगांना ओलावा देतें, व शेवटीं तेंहि जळून जातें. या इंजिनाला जोमानें काम करण्यास चार गोष्टी लागतात: हवा आणि पेट्रोल यांचें योग्य मिश्रण, पुरेसा दाब, वेळेवर पडणारी ठिणगी आणि धुरास बाहेर पडण्यास मोकळी वाट. पांचवी गोष्ट ही कीं, निर्माण झालेली शक्ति चाकापर्यंत पोंचली पाहिजे. वेग न घेणारी स्कूटर या पांचांपैकीं कशास तरी मुकलेली असते.

आतां माझ्या मूर्खपणाची एक हकीकत सांगतों. वडिलांची स्कूटर माझ्याकडे आली तेव्हां ती चढावर फार मंद झाली होती आणि धूरहि पुष्कळ सोडीत होती. एका कारागिरानें गाडीकडे नुसतें पाहून सांगितलें कीं, सिलिंडर झिजला आहे, तो कातून मोठा पिस्टन घालावा लागेल. खर्च ऐकून मी परत फिरलों. पुढें एका हितचिंतकानें सुचविलें, ''धूर तेलाचा आहे, तेल निम्में करा.'' मला तें पटलें. त्यानंतरच्या रविवारीं मुलाला मागें बसवून मी सासवडला निघालों. दिवे घाटाच्या चढावर इंजिनाचा आवाज एकाएकीं घोगरा झाला आणि दुसऱ्याच क्षणीं मागचें चाक जागच्या जागीं आवळलें गेलें. पिस्टन सिलिंडरांत धरला होता. मागून मालमोटार येत होती. डाव्या हातानें क्लच दाबला गेला म्हणून चाक सुटलें, गाडी कडेस घेतां आली, आणि मी आज आपणांशीं बोलत आहें. पुढें सासवडच्या एका वृद्ध मिस्त्रींनीं सायलेन्सर काढून दाखविला. आंत काजळीचा एवढा थर होता कीं धुरास जेमतेम बोटाएवढी वाट उरली होती. ते म्हणाले, ''साहेब, दुखणें एवढेंच होतें. सिलिंडर चांगला होता. तो तुम्हीं आतां बिघडविला.'' जें काम प्रथम अनावश्यक होतें तें माझ्या हातानें आवश्यक झालें. यासाठींच तपासणीचा क्रम महत्त्वाचा. सोपें व बिनखर्चाचें तें आधीं पहावें, इंजिन उघडणें सर्वांत शेवटीं.

पहिल्यानें इंजिनाकडे पाहूंच नये. गाडी उभ्या घोडीवर घ्यावी, गीअर मोकळा करावा आणि चाकें हातानें फिरवून पहावीं. तीं सहज फिरत नसतील तर ब्रेक घांसतो आहे. टायरांतील हवा मोजावी. हवा कमी असेल तर चांगलें इंजिनहि थकतें. चोकची दोरी परत जागेवर गेली आहे ना, तें पहावें. मूठ पूर्ण पिरगळली असतां कार्ब्युरेटरचा पडदा पूर्ण उघडतो कीं नाहीं, हेंहि पहावें. जुनी तार सैल झाली कीं तो अर्धाच उघडतो.

नंतर रस्त्यावर गाडी चालवून स्वतःस एक प्रश्न विचारावा: वेग कोणाचा वाढत नाहीं, इंजिनाचा कीं गाडीचा? मूठ पिरगळतांच इंजिन मोठ्यानें ओरडतें, परंतु गाडी त्या मानानें पुढें सरकत नाहीं, असें असेल तर क्लच घसरतो आहे. अशा वेळीं कार्ब्युरेटर साफ करणें म्हणजे पायाचें दुखणें असतांना डोळ्यांत औषध घालण्यासारखें आहे. आधीं क्लचच्या तारेस थोडी ढील आहे ना तें पहावें. तार फार ताणलेली असेल तर क्लच पुरता पकडतच नाहीं. ढील असूनहि तो घसरत असेल तर त्याच्या चकत्या झिजल्या आहेत.

इंजिनच मंद असेल तर पेट्रोलाकडे वळावें. गाडी घरून निघतांना चांगली चालते, आणि तीनचार किलोमीटरांनंतर गळून जाते, असें असेल तर टाकीचें झांकण उघडून पहावें. झांकणाचें बारीक छिद्र बुजलें असेल तर आंत हवा जात नाहीं व पेट्रोल खालीं उतरत नाहीं. झांकण उघडतांच गाडी पूर्ववत् चालूं लागते. तसें नसेल तर, इंजिन थंड असतांना, मोकळ्या जागेंत आणि जवळपास कसलाहि विस्तव नसतांना, पेट्रोलाची नळी काढून थोडें पेट्रोल कांचेच्या बाटलींत धरावें. धार अखंड पडली पाहिजे. बाटलीच्या तळाशीं पाण्याचा थर किंवा गंजाचे कण दिसले तर टाकी धुणें प्राप्त आहे. आजच्या पेट्रोलांत 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओलावा शोषतें आणि जुन्या रबरी नळ्या व वायसर फुगवितें. म्हणून महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या स्कूटरींत जुनें पेट्रोल सांठवूं नये, आणि नळ्या नव्या जातीच्या घालाव्या.

यानंतर प्लग. गाडी थोडा वेळ जोरांत चालवून इंजिन बंद करावें आणि निवल्यावर प्लग काढावा. त्याच्या टोंकाचा रंग म्हणजे या इंजिनाची नाडी. बिस्किटासारखा तपकिरी रंग प्रकृति ठीक असल्याचें चिन्ह होय. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक व हवा कमी आहे. उजव्या बाजूच्या झांकणाखालीं कार्ब्युरेटरवर असलेली हवेची जाळी तेलानें माखली असेल, ती धुवावी. प्लग ओला व तेलकट असेल तर ठिणगी क्षीण आहे किंवा तेल अधिक जात आहे. प्लग पांढरा पडला असेल तर मात्र सावध व्हावें. पेट्रोल कमी पडत आहे किंवा कोठून तरी फाजील हवा आंत शिरत आहे. कार्ब्युरेटरची मुख्य जेट बुजली असेल, किंवा क्रँकचें तेलसील फाटलें असेल. अशा स्थितींत गाडी जोरानें हांकली तर पिस्टन तापून धरतो. प्लगच्या दोन टोंकांतील अंतर सुमारें 0.6 मिलिमीटर असावें. इंजिन तापल्यावरच ठिणगी दगा देत असेल तर कॉइल तपासून घ्यावी. जुन्या, पॉइंटवाल्या गाडींत कंडेन्सरहि पहावा.

इतकें करूनहि गाडी मंदच असेल, आणि चढावर विशेष मंद असेल, तर सायलेन्सर संशयित धरावा. शहरांत थोड्याथोड्या अंतराच्या फेऱ्या झाल्या कीं तेल पुरतें जळत नाहीं आणि वर्षानुवर्षें आंत थर सांचतो. आंतला धूर बाहेर गेला नाहीं तर नव्या मिश्रणास जागा कोठून मिळणार? सायलेन्सर दोनच ठिकाणीं आवळलेला असतो, तो सहज निघतो. तो काढल्यावर सिलिंडरच्या धुराच्या द्वारांतील काजळीहि लांकडी पट्टीनें खरवडावी. त्या वेळीं पिस्टन द्वार झांकील असा ठेवावा, म्हणजे कण आंत पडत नाहींत. सायलेन्सर जाळून साफ करण्याचें काम मात्र कारखान्यांत करून घ्यावें, कारण त्याचा धूर घातक असतो.

एवढें सर्व निर्दोष ठरलें तरच दाबाचा विचार करावा. किक हळू दाबली असतां पायास स्पष्ट विरोध लागला पाहिजे. पाय लोण्यांत गेल्यासारखा खालीं गेला तर रिंगा अगर सिलिंडर झिजला आहे. पांढरा धूर फार येत असेल आणि गीअरपेटींतील तेल आपोआप कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचें सील फाटून इंजिन तें तेल पीत आहे असें समजावें.

राहतां राहिला तेलाचा प्रश्न. सामान्यतः दर लिटर पेट्रोलास 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल घालतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेंत दुसरें प्रमाण असेल तर तें प्रमाण मानावें. धूर होतो म्हणून तें कमी करूं नये, आणि गाडीची काळजी म्हणून दुप्पटहि करूं नये. पहिल्यानें पिस्टन धरतो, दुसऱ्यानें सायलेन्सर भरतो. चालत्या गाडींत आवाज घोगरा होऊन जोर एकाएकीं नाहींसा झाला तर प्रथम क्लच दाबावा आणि मग कडेस यावें. एवढें तरी घरांतील प्रत्येक चालविणाऱ्यास शिकवून ठेवावें.

जुन्या वाहनास वेग हवा तो शर्यतीसाठीं नव्हे. रस्ता ओलांडतांना, वळतांना, मागून जड वाहन येत असतां दोन पावलें झटकन पुढें जातां यावें, एवढाच त्याचा उपयोग. परंतु तेवढ्यावर पुष्कळदां मागें बसलेल्या माणसाचें कुशल अवलंबून असतें. तेव्हां येत्या रविवारीं सकाळीं एक तास काढावा, वरील क्रमानें आपली स्कूटर तपासावी, आणि कारागिराकडे जाणें झालें तर ''गाडी ओढत नाहीं'' एवढेंच न सांगतां काय काय पाहिलें तें त्यास सांगावें. चांगला कारागीर त्यानें रागावणार नाहीं; उलट त्याचें अर्धें काम हलकें होईल.