पांढरी घार

घार ही कोणाच्या ओळखीची नाही? तरीही दिल्लीस यमुनेच्या काठी घिरट्या घालणाऱ्या घारींमध्ये एक शुभ्र पक्षी दिसला, तेव्हा मी फसलो. वाटले, हे पांढरे गिधाड असावे. पण त्याचे पंख मागील कडेस काळे असतात आणि शेपटी पाचरीसारखी. येथे तर पंखांच्या टोकांपर्यंत पांढरेपणा होता. कापशी म्हणावी, तर ती कावळ्याहूनही लहान. अखेर पक्ष्याने वळण घेतले, शेपटी मिटली आणि तिच्यातील खाच स्पष्ट दिसली. ही आपली नेहमीचीच घार! शेपटी पुरती पसरली म्हणजे ती खाच पुसट होते. म्हणून थोडा धीर धरावा लागतो.

मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य पिसांत उतरले नाही, की असा पक्षी निपजतो. डोळे गुलाबी असतील तर तो पूर्ण वर्णहीन; ते गडद असतील तर उणीव पिसांपुरतीच. एवढ्या उंचीवरून मला ते दिसले नाहीत. वर्णहीन पक्ष्याची दृष्टी अधू असते, आणि शिकारी पक्ष्यास ते फार महागात पडते. शिवाय मेलॅनिनाने पिसे चिवट होतात. पांढरी लवकर झिजतात.

मधुबाजाची गोष्ट मात्र निराळी. त्याच्यात फिकट पिवळसरापासून गडद तपकिरीपर्यंत नाना छटा आढळतात, आणि त्यांत उणीव कसलीच नसते. तेथेही मी आता रंगाआधी लहान डोके व लांब मान पाहतो.