अंगठा कोणाचा, खर्च कोणाचा?

सन 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला आणि लवकरच तो शेजारच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात पसरला. दंगेखोरांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता. कर्जरोखे हस्तगत करावयाचे आणि जाळून टाकावयाचे, हाच त्यांचा मुख्य उद्योग. यात नवल नव्हते. निरक्षर कुणबी रोख्याखाली नांगराची निशाणी करी. वर काय लिहिले आहे हे त्यास वाचता येत नसे, आणि तसली निशाणी दुसऱ्या कोणासही काढता येई.

सन 1879 मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांत शेतकऱ्याचा रोखा गावच्या रजिस्ट्रारासमोर लिहिला गेला पाहिजे, असे त्याने ठरविले. पुढे 1899 मध्ये पुराव्याच्या कायद्यात दुरुस्ती होऊन हस्ताक्षराप्रमाणेच बोटांच्या ठशांविषयीही तज्ज्ञाचे मत ग्राह्य झाले. नांगराची निशाणी कोणाचीही असू शके. अंगठ्याचा ठसा मात्र एकाच माणसाचा असतो. परंतु येथूनच दोन नवे प्रश्न उभे राहिले. हा ठसा तपासण्याचा हुकूम कोणी द्यावयाचा? आणि तपासणाऱ्याचा मेहनताना कोणी भरावयाचा?

पहिला प्रश्न पोलिसांच्या अधिकाराचा आहे. कोणी आपल्या नावाचा बनावट कागद केला, अशी तक्रार घेऊन मनुष्य ठाण्यावर जातो आणि फौजदार केवळ नोंद करून घेतो, तेव्हा त्यास ती टाळाटाळ वाटते. वास्तविक साध्या बनावट दस्तऐवजाचा गुन्हा अदखलपात्र आहे. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमावाचून पोलिसांस त्याचा तपास करता येत नाही. फसवणुकीसाठी तो कागद केला असेल तर गोष्ट निराळी. तो गुन्हा दखलपात्र होतो. तसेच एखाद्याच्या बोटांचे नमुने हवे असतील तर तपासाच्या कामी ते देण्याचा हुकूम प्रथम वर्ग मॅजिस्ट्रेट करू शकतो. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 349 व्या कलमात बोटांचे ठसे व आवाजाचे नमुने यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा, आणि तो अधिक नाजूक. फौजदारी खटल्यात तपासणी बहुधा सरकारी तज्ज्ञच करतो. दिवाणी दाव्यात तसे नाही. 1908 च्या दिवाणी संहितेनुसार पक्षकाराने बोलाविलेल्या साक्षीदाराचा खर्च न्यायालयात जमा करावा लागतो. साक्षीदार तज्ज्ञ असेल तर साक्षीत व तत्पूर्वीच्या तपासणीत गेलेल्या वेळेचा वाजवी मोबदलाही न्यायालय मंजूर करू शकते. तथापि पुष्कळदा पक्षकार स्वतःच खासगी तज्ज्ञ गाठतो, त्याचे शुल्क देतो आणि त्याचे मत दाखल करतो. मग प्रतिपक्षही आपला तज्ज्ञ उभा करतो. ज्याच्या हाती पैसा त्याच्या बाजूस विद्वत्ता, असा संशय येथे सहज उत्पन्न होतो.

या बाबतीत फ्रान्सची रीत पाहण्याजोगी आहे. तेथील दिवाणी न्यायालयात तज्ज्ञ न्यायाधीश नेमतो, आगाऊ किती रक्कम कोणी भरावी हे तोच ठरवितो, आणि अहवाल हाती आल्यावर केलेले श्रम, पाळलेली मुदत व कामाचा दर्जा पाहून अंतिम मेहनतानाही तोच ठरवितो. न्यायाधीशाच्या निर्णयावाचून पक्षकाराकडून प्रत्यक्ष पैसे घेण्यास तज्ज्ञास मनाई आहे; अगदी पदरच्या खर्चाची भरपाईसुद्धा. पोलिसांनाही प्राथमिक तपासात तज्ज्ञाची तांत्रिक परीक्षा हवी असेल तर सर्वसाधारणपणे सरकारी अभियोक्त्याची अनुज्ञा लागते. गुन्हा नुकताच घडून उघडकीस आला असेल तर मात्र पोलिस अधिकारी स्वतः तज्ज्ञास पाचारण करू शकतो. फौजदारी न्यायाचा खर्च तेथे सरकार सोसते.

भारतीय कायद्यातही असा मार्ग नाही असे नव्हे. दिवाणी संहितेच्या सव्विसाव्या आदेशातील दहा-अ या नियमान्वये शास्त्रीय तपासणीसाठी न्यायालय स्वतः कमिशनर नेमू शकते, आणि त्याचा खर्च पक्षकाराने न्यायालयातच भरावयाचा असतो. खासगी तज्ज्ञाच्या दारी जाण्यापूर्वी वकिलास या नियमाविषयी विचारून पाहणे हिताचे आहे. ज्यास हा भार सोसवत नाही, त्याच्यासाठी 1987 च्या कायद्यान्वये जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना तर उत्पन्नाची अटही आड येत नाही.

1875 मधल्या शेतकऱ्याने कागद जाळला, कारण तो खोटा ठरविण्याची वाट त्याला दिसत नव्हती. आज ती वाट आहे. परंतु ठसा वाचणाऱ्याचे मानधन वादी-प्रतिवादींच्या हातून न जाता न्यायासनाच्या हातून गेले, तरच हरणाऱ्या पक्षासही त्या वाचनावर विश्वास ठेवता येईल.