बोटभर पेन्सिल आणि आजीचं लुगडं

बालमित्रांनो, आज एक गंमत करा. घरातल्या सगळ्या पेन्सिली गोळा करा. कंपासपेटीतल्या, दप्तराच्या तळाशी गेलेल्या, कपाटामागे पडलेल्या, कुणाच्या तरी वाढदिवसाला भेट मिळालेल्या आणि अजून टोकही न काढलेल्या. मोजा आणि आकडा कुठंतरी लिहून ठेवा. शेवटी लागणार आहे तो!

आता एका पेन्सिलीची गोष्ट. खरी घडलेली, बरं का! १९१५ सालच्या डिसेंबरात मुंबईला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. गांधीजींना दक्षिण आफ्रिकेतून परत येऊन अजून वर्षही झालं नव्हतं. एकदा ते काहीतरी शोधत होते. काका कालेलकर तिथंच होते. काका जन्मानं साताऱ्याचे, घरात मराठी बोलणारे, पण पुढे त्यांनी गुजरातीत इतकं सुंदर लिहिलं, की लोक त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हणू लागले. तर काकांनी विचारलं, काय हरवलंय? उत्तर आलं, पेन्सिल. पेन्सिल म्हणजे काय, तर जेमतेम दोन इंचांचा तुकडा! काकांनी चटकन आपली पेन्सिल पुढे केली. पण बापूंना ती नको होती. तो तुकडा त्यांना मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलानं मोठ्या प्रेमानं दिला होता. तो हरवून कसं चालेल? मग दोघांनी मिळून शोधाशोध केली आणि तुकडा सापडला तेव्हाच बापूंना चैन पडलं.

या गोष्टीतलं काय, हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. कळलं ते एका फजितीनंतर.

मी सातवीत असताना आमची शाळेची सहल वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला गेली. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले. तेव्हा त्या गावाचं नाव सेगाव होतं. सेवाग्राम हे नाव १९४० सालचं. तिथली ‘बापू कुटी’ तुम्ही पाहिली नसेल, तर जरूर पाहा. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, सारवलेली जमीन. बसायला चटई, टेकायला पाट, चरखा आणि हाताशी लागतील एवढ्याच वस्तू. जगभरातले पुढारी भेटायला येत, तेही तिथं जमिनीवरच बसत.

पण आम्हा मुलांना सगळ्यात काय आवडलं असेल? साप पकडायचा लाकडी चिमटा! साप मारायचा नाही, धरायचा आणि लांब नेऊन सोडायचा, असा तिथला नियम. शिवाय तिथं टेलिफोनही होता. व्हाइसरॉयना बापूंशी ताबडतोब बोलता यावं म्हणून तो बसवलेला. म्हणजे गरजेची वस्तू तिथं वर्ज्य नव्हती. आमच्या गुरुजींनी फळ्यावर एक शब्द लिहून दिला होता, ‘अपरिग्रह’. परिग्रह म्हणजे चहूबाजूंनी गोळा करणं. ते न करणं म्हणजे अपरिग्रह. आश्रमातल्या अकरा व्रतांपैकी हे एक.

झालं! मी घरी आलो तो अपरिग्रहाचं भूत डोक्यात घेऊनच. पुढच्या रविवारी आई बाजारात, आजी देवळात. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारात आली. मी आजीची ट्रंक उघडली, तळाशी ठेवलेली दोन विटकी, विरलेली लुगडी काढली, आणखी चार कपडे घातले आणि बदल्यात स्टीलचा एक डबा घेतला. घासाघीससुद्धा केली! केवढा अभिमान वाटला होता मला. घरातली अडगळ गेली आणि डबाही आला.

आजी आली, डबा पाहिला, ट्रंक पाहिली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, “अरे, ती अडगळ नव्हती. ती ताईच्या बाळाची गोधडी होती.”

ताईला दोन महिन्यांनी बाळ व्हायचं होतं. नवं कापड बाळाला टोचतं. वर्षानुवर्षं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती लुगडंच गोधडीला हवं. मी अनवाणी धावत तीन गल्ल्या पालथ्या घातल्या, पण बोहारीण सापडली नाही.

आजीकडे नेसायची तीनच लुगडी होती. त्यातलं सगळ्यात मऊ तिनं काढलं आणि धावदोरा घालत गोधडी शिवली. ते वर्ष तिनं दोन लुगड्यांवर काढलं. पावसाळ्यात एक वाळत नसे, तेव्हा ती चुलीजवळ धरून वाळवायची. मी समोर अभ्यास करत असायचो. मान वर करवत नसे.

तेव्हा ती पेन्सिल आठवली. थोडक्या वस्तूंत राहणारा माणूस दोन इंचांच्या तुकड्यासाठी एवढा का थांबला, ते उमगलं. मी समजत होतो, कमी ठेवायचं म्हणजे काढून टाकायचं. आजीच्या घरात मात्र लुगडं विरलं की गोधडी आणि दुपटी, ती फाटली की पायपुसणं, शेवटी पोतेरं. वस्तू कमी होत्या, पण प्रत्येकीचं पुढचं काम ठरलेलं असे.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे हं. ‘एकावर एक फुकट’ म्हणून आणलेली दुसरी वस्तू कुठं ठेवायची, यावरून किती घरांत भांडणं होतात! आणि दिवाळीच्या साफसफाईत जुनं काढून लगेच नवं भरलं, तर पसारा गेला कुठं? नुसता बदलला. मुलांची खेळणी कुणाला द्यायची असतील, तर आधी त्यांना विचारा. फाटकं अस्वल तुम्हाला अडगळ वाटेल, पण त्याच्याशिवाय धाकटीला झोप येत नसेल.

आणखी एक. वर्गात एकच गणवेश असलेला मित्र असेल, तर त्याला साध्या राहणीचे धडे देऊ नका. त्यानं काही व्रत घेतलेलं नाही. त्याला दुसरा गणवेश हवाच आहे.

तो डबा अजून आमच्याकडे आहे, रव्याचा. अन् हो, पेन्सिली! आमच्या घरात काल एकवीस निघाल्या. माणसं चार. त्यातल्या नऊंना टोकच काढलेलं नव्हतं. तुमच्याकडे किती निघाल्या?