'कायम' या शब्दाचा अर्थ

राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क अशा आमच्या नगरातील सुशिक्षित वस्त्यांत गेल्या काही दशकांत एक नवाच वर्ग निर्माण झाला आहे. मुलगा वा मुलगी अमेरिकेत गेली, तेथील नागरिक झाली आणि मागाहून आईवडिलांनाही तेथील कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले 'ग्रीन कार्ड', मिळाले, अशा निवृत्त स्त्रीपुरुषांचा हा वर्ग होय. वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाच्या आईवडिलांना तेथील कायद्याने वार्षिक संख्येची मर्यादा लावलेली नाही. त्यामुळे हा परवाना त्यांना इतर नातलगांच्या मानाने लवकर मिळतो. खरी अडचण सुरू होते ती तो मिळाल्यानंतर.

ज्याने शाळेत वा बँकेत आयुष्यभर नोकरी करून येथे घर बांधले, ज्याची सकाळ रंकाळ्याच्या फेरीने आणि संध्याकाळ ठरलेल्या कट्ट्यावर जाते, त्याला परक्या देशातील एखाद्या बर्फाळ उपनगरात, मोटार चालविता येत नसताना, दिवसभर घरात बसून राहणे जड जावे यात नवल नाही. मग 'चार महिने जाऊन येतो' म्हणून तो कोल्हापुरास परततो. भाचीचे लग्न निघते, गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरते, वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीचे काम रेंगाळते, आणि चार महिन्यांचे चौदा महिने केव्हा झाले ते कळत नाही. परतीचे तिकीट काढण्याची वेळ आली म्हणजे मनात धास्ती उभी राहते: आपला परवाना अद्याप शाबूत आहे काय?

या बाबतीत दोन समजुती आमच्याकडे रूढ आहेत व दोन्ही घातक आहेत. पहिली अशी की, कार्डावर १० वर्षांची मुदत छापलेली आहे, तेव्हा १० वर्षे चिंता नाही. ती मुदत कार्डाची आहे, हक्काची नव्हे. एक वर्ष वा त्याहून अधिक काळ देशाबाहेर राहिलेल्यास परतताना नुसते कार्ड पुरत नाही. सलग १८० दिवसांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्यासही नव्याने प्रवेश मागणाऱ्याप्रमाणे पारखून घेण्याची मुभा तेथील कायद्याने अधिकाऱ्यांस दिली आहे. दुसरी समजूत अशी की, वर्ष भरण्यापूर्वी एकदा तेथे पाऊल टाकून आले म्हणजे झाले. १९७५ साली तेथील स्थलांतरविषयक अपील मंडळापुढे जमैकाच्या एका स्त्रीचे प्रकरण आले होते. वर्षातील सुमारे ११ महिने ती मायदेशी राहून खोल्या भाड्याने देण्याचा व्यवसाय करी आणि महिनाभर अमेरिकेत येऊन राही. परवाना टिकावा अशी तिची इच्छा होती. परंतु केवळ इच्छा पुरेशी नाही, परदेशातील मुक्काम खरोखरीच तात्पुरता असला पाहिजे, असा निर्णय मंडळाने दिला. घर कोठे आहे, कुटुंब कोठे आहे, प्राप्तिकराचे विवरण रहिवासी म्हणून भरले जाते काय, निघताना परतण्याची मुदत ठरविलेली होती काय, अशा गोष्टींवरून माणसाचा हेतू पारखला जातो.

हा केवळ अमेरिकेचा हेकटपणा आहे, असे मात्र कोणी समजू नये. कॅनडा आपल्या कायम रहिवाशांकडून ५ वर्षांत ७३० दिवसांच्या वास्तव्याची अपेक्षा करतो. ब्रिटनमधील बेमुदत वास्तव्याची परवानगी सर्वसाधारणपणे सलग २ वर्षांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास संपुष्टात येते. आमच्या राज्यघटनेच्या ७ व्या अनुच्छेदानेही, फाळणीच्या वेळी पाकिस्तानात जाऊन पुन्हा परतलेल्यांना नागरिक मानताना, पुनर्वसनासाठी वा कायम परतण्यासाठी दिलेल्या परवान्याची अट घातली. भेटीगाठींच्या तात्पुरत्या परवान्यावर आलेल्यास तो लाभ नव्हता. एखादा देश आपला म्हणावयाचा तर तेथे राहिले पाहिजे, हा न्याय सर्वत्र एकच आहे.

तथापि कायदा निर्दय आहे असेही नाही. अनुपस्थिती लांबणार हे आधीच दिसत असेल तर पुनःप्रवेशाचा परवाना घेता येतो. तो सामान्यतः २ वर्षांपर्यंतचा असतो, त्यास मुदतवाढ मिळत नाही आणि त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो. कोल्हापुरास पोहोचल्यावर आठवण होऊन उपयोग नाही. ज्याने तो घेतला नाही व ज्याचे वर्ष उलटले, त्याला मुंबईच्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाकडे परतणारा रहिवासी म्हणून व्हिसा मागता येतो. त्यासाठी आपण परतण्याच्याच हेतूने निघालो होतो आणि मुक्काम आपल्या हाताबाहेरच्या कारणाने लांबला, हे सिद्ध करावे लागते. मार्च २०२० मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने थांबविली आणि पुढे मोजक्या विशेष विमानांवर भागवून नियमित वाहतूक २७ मार्च २०२२ रोजी सुरू केली. अशा प्रसंगी अडकलेल्याच्या म्हणण्याला रद्द झालेले तिकीट आणि रुग्णालयाचे कागदच आधार देतात. म्हणूनच असे कागद रद्दीत टाकू नयेत, हे आम्ही आग्रहाने सांगतो.

परंतु कागदांपेक्षाही महत्त्वाचा एक प्रश्न आहे. या वडीलधाऱ्यांना तेथे खरोखर राहावयाचे आहे काय? पुष्कळ घरांत हा प्रश्न कोणी विचारीतच नाही. मुलांना वाटते, कार्ड सोडले तर आईवडिलांची वाट बंद होईल. आईवडिलांना वाटते, कार्ड परत केले तर मुलांना आपण तोडले असे होईल. या परस्परांच्या मायेपोटी सत्तरी ओलांडलेली माणसे दर सहा महिन्यांनी पृथ्वीच्या अर्ध्या प्रदक्षिणेला निघतात. कोल्हापुरातील ठेवींचे व्याज आणि निवृत्तिवेतन तेथील करविवरणात दाखवावे लागते, याचीही अनेकांना जाणीव नसते. दोन्ही डगरींवर हात ठेवण्याची ही कसरत उतारवयात परवडणारी नव्हे.

ज्यांना तेथे राहावयाचे आहे, त्यांनी तेथे मनापासून घर करावे, आणि येथे येताना परतीची तारीख ठरवून यावे. ज्यांना राहावयाचे नाही, त्यांनी कार्ड सन्मानाने परत करावे. त्यासाठी 'आय-४०७' हा नमुना आहे. तो भरल्याने मुलाने पुढे पुन्हा अर्ज करण्याची वाट बंद होत नाही आणि नातवंडांच्या भेटीसाठी अभ्यागत व्हिसा मागता येतो. तो मिळेलच अशी हमी मात्र नाही. हाच कागद थकल्याभागल्या प्रवाशापुढे विमानतळावर ठेवला गेला, तर अर्थ उमजल्यावाचून त्यावर सही करू नये. सही नाकारून स्थलांतर न्यायाधीशासमोर आपली बाजू मांडण्याचा हक्क रहिवाशास आहे.

निर्णय कोणताही असो, तो विमानतळावरील खिडकीसमोर होण्यापेक्षा घरातील माजघरात व्हावा, एवढेच आमचे सांगणे आहे. येत्या दिवाळीस मुले घरी येतील. फराळाच्या ताटांभोवती सगळे जमले असता एकदा हा विषय निघावा, आणि आईवडिलांना प्रथम बोलू द्यावे.