मुंबईच्या गिरणी कामगारांना घर शेलू-वांगणीत का? समजून घ्या संपूर्ण प्रकरण

लोअर परळला उतरून तुम्ही कधी मॉलमध्ये गेला असाल, तर एका जुन्या गिरणीच्या जमिनीवरून चालत गेला आहात. त्या जमिनीवर काम केलेल्या माणसाला सरकार आज घर देऊ करतंय. पण परळमध्ये नाही, तर कर्जत मार्गावरच्या वांगणी आणि शेलू या स्टेशनांजवळ. अनेक कामगारांचा याला विरोध आहे.

घर साडेनऊ लाखांत मिळतंय, तरी लोक नाही का म्हणतायत? एकेक मुद्दा पाहू.

घराचं वचन आलं कुठून?

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हा संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. त्यानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि मागे राहिली जमीन. ती होती सुमारे ६०० एकर, तीही शहराच्या ऐन मध्यावर.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. सोप्या भाषेत, जमिनीचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. म्हाडाच्या वाट्यात गिरणी कामगारांची घरं बांधायची, असं पुढे ठरलं.

मग जमीन गेली कुठे?

२००१ मध्ये नियम बदलला. वाटणी गिरणीच्या सगळ्या जमिनीची करायची नाही, तर फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची. गिरणीच्या आवारात बहुतेक जागेवर शेड आणि इमारती उभ्या होत्या. त्यांच्याखालची जमीन वाटणीतून बाहेर पडली. त्यामुळे महापालिका आणि म्हाडाच्या हाती येणारी जमीन कितीतरी कमी झाली. प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला.

आज 'मुंबईत जागाच नाही' असं ऐकताना ही पार्श्वभूमी लक्षात ठेवायला हवी.

आतापर्यंत किती घरं मिळाली?

१ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असलेले कामगार आणि त्यांचे वारस घरासाठी पात्र धरले जातात. एकूण अर्ज आले सुमारे पावणेदोन लाख. लॉटरी मात्र अशा निघाल्या:

- २०१२: ६,९२५ घरं
- मे २०१६: २,६३४ घरं
- डिसेंबर २०१६: २,४१७ घरं (पनवेलजवळ कोन इथे)
- २०२०: ३,८९४ घरं

बेरीज होते १५,८७०. म्हणजे साधारण ११ अर्जांमागे एक घर. २०१२ ते २०२० या आठ वर्षांत जो वेग होता, त्याच वेगाने आणखी ८१ हजार घरं द्यायची तर ४० वर्षं लागतील. १९८२ मध्ये पंचविशीत असलेला कामगार आज सत्तरीच्या आसपास आहे.

आणि लॉटरी लागली म्हणजे घर मिळालं असंही नाही. कोनमधल्या इमारती कोरोनाकाळात विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या, नंतर दुरुस्ती रखडली. २०१६ ला नंबर लागलेल्यांना चाव्या मिळायला २०२४ उजाडलं.

शेलू-वांगणी योजना काय आहे?

सरकारचं म्हणणं असं, की एवढ्या लोकांना लवकर घर द्यायचं तर मुंबईबाहेर जावं लागेल. म्हणून खासगी विकासकांमार्फत शेलू आणि वांगणीत मिळून ८१ हजार घरांची योजना आणली. कामगाराने द्यायचे साडेनऊ लाख, बाकीचा भार अनुदानातून.

वाद पेटला तो १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयामुळे. त्यातल्या १७ क्रमांकाच्या कलमाचा अर्थ कामगारांनी असा घेतला, की हे घर नाकारलं तर घराचा हक्कच संपणार. ९ जुलै २०२५ ला कामगार आणि वारस मोठ्या संख्येने आझाद मैदानावर जमले. त्यानंतर ही अट काढून टाकण्याचं आश्वासन सरकारने दिलं.

पण साडेनऊ लाखांत घर, मग अडचण काय?

घराची किंमत फक्त चेकवर लिहिलेली नसते.

वांगणीहून सीएसएमटीला लोकलने साधारण पावणेदोन तास लागतात. घर ते स्टेशन आणि स्टेशन ते कामाची जागा धरली, तर जाऊन-येऊन दिवसाचे चार तास सहज जातात. बदलापूरच्या पुढे गाड्याही कमी. कामगारांचे वारस मॉलमध्ये सिक्युरिटीला, ऑफिसात हाउसकीपिंगला किंवा दुकानात कामाला असतील, तर रात्रीची शेवटची गाडी चुकणं त्यांना परवडणारं नाही. मूळ कामगारासाठी प्रश्न आणखी वेगळा आहे. सत्तरीतल्या माणसाचं उपचारांचं हॉस्पिटल परळमध्ये असेल, तर तपासणीच्या प्रत्येक तारखेला हा प्रवास आलाच.

शंभर वर्षांपूर्वीचं सरकार हे गणित वेगळं मांडत होतं. १९२० च्या दशकात बीडीडी चाळी बांधल्या गेल्या त्या वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडीत. खोल्या लहान होत्या, पण गिरणीचा भोंगा झाल्यावर चालत पोहोचता येईल इतक्या जवळ.

दुसरी बाजूही आहे

सगळ्यांचाच नकार नाही. ज्यांचं कुटुंब आधीच कल्याण-बदलापूरकडे सरकलंय किंवा जे अजून भाड्याने राहतात, त्यांना स्वतःचं घर हवंय. म्हणून 'शेलू हवं की नको' यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा, की ते घर पर्याय म्हणून दिलं जातंय की शेवटची संधी म्हणून. पर्याय असेल तर मुंबईत थांबणाऱ्याची रांग तशीच राहते. शेवटची संधी असेल तर रांगच मोडीत निघते.

तुमच्या घरी कुणी गिरणीत होतं?

अर्ज केलेला असेल तर त्याची पात्रता निश्चित झाली आहे का, ते म्हाडाकडे तपासा. गिरणीचं ओळखपत्र, तिकीट नंबर, सेवेचा दाखला, ईएसआय किंवा पीएफची कागदपत्रं सांभाळून ठेवा. कामगार हयात नसेल तर वारसाचे कागदही लागतील. म्हाडा घरांसाठी कोणताही एजंट नेमत नाही, त्यामुळे 'नंबर लावून देतो' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आणि आजी-आजोबांच्या ट्रंकेत एखादा जुना पास किंवा पगाराची पावती पडलेली असेल, तर ती आजच शोधा. तुमच्या घराचा दावा त्या कागदावर उभा राहू शकतो.