आयते विमान आणि घडविलेले विमान

छोटी विमाने उडविण्याचा छंद असणाऱ्या मंडळींत एक जुना वाद आहे. विमान स्वतः घडवावे, की बाजारातून आयते आणावे? जुने जाणते म्हणतात, ज्याने बाल्सा लाकडाच्या पट्ट्या कापल्या नाहीत, पंखांवर कागद ताणून बसविला नाही, त्याला या छंदात अधिकारच नाही. नवखा बिचारा हे ऐकतो आणि आल्या पावली परततो.

पेणच्या श्रोत्यांना हा वाद परका वाटू नये. येथील आणि हमरापूर-जोह्याकडील कारखान्यांतून न रंगविलेल्या गणेशमूर्ती बाहेरगावी जातात. तेथील कलावंत त्या रंगवितात, डोळे आखतात. त्यांना आपण मूर्तिकार म्हणतोच ना? कारखान्यात नव्याने आलेल्या पोराच्या हातीदेखील पहिल्या दिवशी कोणी डोळ्यांची आखणी देत नाही. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे घासण्यापासून त्याचा श्रीगणेशा होतो.

मग आयते विमान निर्दोषच म्हणावयाचे काय? तसेही नव्हे. फोमचे तयार विमान पहिल्याच दिवशी उडते, हा त्याचा मोठा गुण. परंतु ते बांधावर आदळले, शेपटी तुटली, की खरी अडचण सुरू होते. मुलगा भरपूर सरस लावून शेपटी जोडतो. विमान पुन्हा सोडले की नाक वर करते, वेग गमावते आणि धपकन खाली येते. वास्तविक झालेले असते एवढेच, की सरसाच्या वजनाने गुरुत्वमध्य मागे सरकला. साध्या विमानात तो पंखाच्या पुढल्या कडेपासून रुंदीच्या सुमारे पाव ते एकतृतीयांश अंतरावर असावा लागतो. घडविणाऱ्याला हे पंखाखाली दोन बोटे धरताच कळते. विकत घेणाऱ्याला वाटते, विमानच बिघडले; ते माळ्यावर जाते आणि मुलगा छंदातून जातो.

राईट बंधूंना त्यांच्या वडिलांनी १८७८ साली रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे आणून दिले. अल्फोन्स पेनो या फ्रेंच गृहस्थाच्या रचनेवरून केलेले ते खेळणे आयतेच होते. ते मोडल्यावर मात्र मुलांनी तसली खेळणी स्वतः करून पाहिली.

म्हणून आमची सूचना अशी : नवख्याला आयते विमान खुशाल घेऊ द्यावे; पण त्याच आठवड्यात त्याच्याकडून पुठ्ठ्याचे वीतभर ग्लायडर करवून घ्यावे. नाकाला शाडूची गोळी लावून, ती कमीजास्त करीत, त्याने ते फेकून पाहावे. (शाडू वाळला की हलका होतो, हे पेणकरांना आम्ही काय सांगावे! कायमच्या वजनाला गळाचे शिसे बरे.) पहिली मोडतोड होईल तेव्हा जाणत्याने शेजारी बसावे, पण सरस मुलाच्याच हाती द्यावा.

जागेची वाण नाही. भात कापून झाल्यावर पेण-रोह्याकडील ज्या शेतात वाल पेरलेला नसेल, ते धन्याला विचारून घ्यावे. मात्र उडवावयाचे ते सकाळी. दुपारी खाडीकडून वारा सुटला की पुठ्ठ्याचे ग्लायडर शेजारच्या वालात शोधावे लागते.